सहा शेरांचे दोन हंडे

आमची घरची श्रावणात गेली. त्या सालची भाऊबीज मला एकट्याला करावी लागली आणि मी ती बिघडवली. तेवढंच लिहितो.

लिहिणं मला फार येत नाही. आम्ही तांबट. गिऱ्हाईक भांड्यावर नाव घालून मागतं, म्हणून वडिलांनी हातात छिन्नी देऊन अक्षरं शिकवली. शाळा ती एवढीच.

मला दोन बहिणी. आक्का थोरली. ती पुण्यातच दिली, तिचे यजमान भांड्यांचे व्यापारी. धाकटी नदीपलीकडे येरवड्यात. तिचा नवरा गावातली फुटकी भांडी सांधतो, कल्हई लावतो. आक्काचं लग्न वडील असताना झालं, तेव्हा तिच्याबरोबर पाच मोठी भांडी गेली. धाकटीच्या वेळी वडील नव्हते, घर माझ्या हातात होतं, मी तीनच दिली. आता तिघांचीही डोकी पांढरी झाली, पण ते पाच आणि तीन काही म्हातारे झाले नाहीत. दर सणाला धाकटी एकदा तरी म्हणायचीच, "आक्काचं काय बाई, पाचांची आहे ती."

घरचीला हे ठाऊक होतं. ती भाऊबीजेची दोन लुगडी एकाच दुकानातून, एकाच दिवशी घ्यायची आणि दोघींच्या देखत एकावर एक पसरून दाखवायची. काठाला काठ, पदराला पदर. मी हसायचो. "लुगडी देतेस का जमीन मोजून देतेस?" ती म्हणायची, "हसा. मी नसले की कळेल." बायका असं बोलतातच. मी लक्ष दिलं नव्हतं.

ती गेल्यावर कापडाच्या दुकानात जायचं माझ्या जिवावर आलं. दुकानदार विचारणार, "यंदा आपण एकटेच?" मग त्याला काय सांगायचं? म्हटलं, आपला धंदा तांब्याचा, दोघींना हंडे करून देऊ. तांबं विकत आणलं, तराजूत घालून दोन वाटे केले, सहा सहा शेर. ह्यात कोण काय बोलणार? लुगड्याला निदान रंग असतो.

पहिला हंडा चांगला झाला. मी तो पुरा मठारला. ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगतो. भांडं घडवताना तांबं पुन्हा पुन्हा तापवावं लागतं, त्यानं ते मऊ पडतं. शेवटी गुळगुळीत हातोडीनं त्याच्यावर ठोक्याला ठोका लावून रांगा घालायच्या, वरपासून तळापर्यंत. त्याला मठार म्हणतात. नुसती नक्षी नव्हे ती. त्यानं तांब्याला बळ येतं. मठार नसलेलं भांडं दिसायला भांडंच, पण जरा कुठं आपटलं की पोचा पडतो.

दुसऱ्या हंड्याला मी पोटापर्यंत रांगा घातल्या आणि हातोडी खाली ठेवली. खांदा दुखत होता हे खरं. पण तसा तो वीस वर्षं दुखतो आहे. खोटं कशाला लिहू, मला कंटाळा आला. पूर्वी मी मठारत असलो की घरची आतून ओरडायची, "आता पुरे, जेवायला या." ते ओरडणारं कुणी राहिलं नव्हतं, आणि कुणी पुरे म्हणत नसलं की माणसाला लवकर पुरे होतं. चिंच आणि राख लावून दोन्ही हंडे घासले. सारखे चमकले, दुसऱ्याचा पोटाखालचा कोरा भाग त्या चमकीत लपला.

आता कोणता कुणाला? इथं मी जे केलं ते सांगायची लाज वाटते. आक्काचे यजमान व्यापारी, हात लावताच ओळखणार आणि आळीभर सांगणार की म्हाताऱ्याचा हात गेला. धाकटीच्या घरी कोण सांगणार आणि कोण ऐकणार? कच्चा हंडा मी धाकटीच्या पाटासमोर ठेवला.

भाऊबीजेला दोघी आल्या. आक्काने फराळ करून आणला होता. ओवाळण्याआधी मी तराजू काढला आणि दोन पारड्यांत दोन हंडे ठेवले. काटा मधोमध उभा राहिला.

"बघा," मी म्हटलं. "मागाहून बोलायचं नाही. सारखं म्हणजे सारखं."

आक्का म्हणाली, "अरे, बहिणींना ओवाळणी देतोस की बाजारात जुन्या भांड्यांची मोड विकतोस?"

मी हंडे पुन्हा दोघींच्या पाटांसमोर ठेवले, तशी धाकटी पुढं सरकली. तिनं आपल्या हंड्यावर बोटाचं पेर वाजवलं. वर वाजवलं, मग खाली वाकून तळाशी वाजवलं. मग आक्काच्या हंड्यावर वाजवलं.

"अगं, मडकं घेतेयस का वाजवून?" आक्का हसली.

मी हसलो नाही. मी विसरलोच होतो की तीसुद्धा तांबटाची मुलगी. लहानपणी वडील ठोके घालायचे तेव्हा भांडं फिरवायला तीच बसायची, आक्का नव्हे. आक्काचे कान दुखायचे.

धाकटी माझ्याकडे बघून म्हणाली, "वजन सारखं आहे, दादा."

एवढंच. ओवाळलं, हंडा उचलला आणि निघाली. आक्का म्हणाली, "अगं, दोन घास खा तरी." ती म्हणाली, "नदीवरची नाव चुकेल." दारात मी विचारलं, "आता कधी येशील?"

"आता कशाला? वहिनी होती तोवर माहेर होतं. आता तराजू आहे."

आक्का माझं तोंड बघत राहिली. मी तिला काही सांगितलं नाही. ती संध्याकाळच्या आत गेली. तिचा फराळ तसाच राहिला, मग मुंग्यांनी खाल्ला.

चार दिवस मी काम केलं नाही. आक्का आपल्या संसारात सुखी, तिला माझ्याकडे यायला सणच लागतो. मूलबाळ आमचं जगलं नाही. धाकटीच तेवढी मधूनमधून यायची, भांडायला का होईना. तीही तुटली तर ह्या घराचं दार फक्त गिऱ्हाइकासाठी उघडणार, हे मला त्या चार दिवसांत कळलं. पाचव्या दिवशी हातोडी आणि भांडं टेकवायचा लोखंडी खुंटा फडक्यात बांधला आणि नदीवर गेलो. नावाडी म्हणाला, "बाबा, काय जड आहे?" म्हटलं, "तू नाव हाक."

धाकटीच्या अंगणात हंडा उपडा पडला होता. तळाजवळ मोठा पोचा. पहिल्याच दिवशी विहिरीच्या काठाला टेकला म्हणे. तिचा नवरा उठून उभा राहिला, मला बसायला घोंगडी टाकली आणि म्हणाला, "दादा, तुम्ही उगाच आलात. मीच करणार होतो. ही हात लावू देईना."

आतून धाकटी म्हणाली, "ज्यानं अर्धवट सोडलं त्यानं करावं."

मी खुंटा पुरला. आतून लाकूड लावून पोचा काढला, मग पोटाखाली रांग धरली. दहा-बारा ठोक्यांनंतर हंडा हलायला लागला. एका हातानं फिरवून दुसऱ्यानं मारणं आता होत नाही. धाकटी बाहेर आली, पदर खोचला, समोर बसली आणि हंडा फिरवू लागली. एक ठोका, एक बोट पुढं. इतक्या वर्षांनी तिचा हात चुकत नव्हता, माझाच चुकत होता.

तीन रांगा झाल्यावर मी म्हटलं, "कंटाळा आला होता गं मला."

"कळलं ते."

"आक्काच्या घरी हसतील म्हणून तुला दिला."

"तेही कळलं. आक्काला ठोकून दिलास, मला नुसता घासून दिलास. आणि वर तराजू लावलास. दादा, कमी दिलं असतंस ना, तर मी भांडून मोकळी झाले असते. तू सारखं म्हणालास. आता सारखं म्हटल्यावर माणसानं भांडायचं कशावरून?"

मी ठोके घालत राहिलो. दुपारपर्यंत हात वर जाईना. दोन रांगा उरल्या होत्या. हातोडी तिनं माझ्या हातातून काढून घेतली. आमच्यात बायका हातोडी धरत नाहीत. तिचा नवरा दुसरीकडे बघू लागला, भला माणूस. मी हंडा फिरवला, तिनं ठोके घातले. तिच्या रांगा वाकड्या आल्या, कुठं ठोका खोल, कुठं उथळ.

"हा काही आक्काच्या हंड्यासारखा झाला नाही," ती म्हणाली.

"नाहीच झाला."

"मग आता सारखा म्हणू नकोस."

"नाही म्हणत."

मग तिनं मला जेवायला वाढलं. भाकरी आणि वांगं. मला भूक नसते हल्ली, पण खाल्लं. ताट उचलताना ती म्हणाली, "तुळशीचं लग्न कोण लावणार तुझ्याकडे?"

"कोण लावणार? यंदा नाही लावायचं."

"ती बिचारी अंगणात वाळत असेल. पाणी तरी घालतोस का?"

घातलं नव्हतं.

"द्वादशीला येते मी," ती म्हणाली. "ऊस आणून ठेव. आणि आक्काला हंड्याचं खरं काय ते सांग, ती हसेल ते हसू दे."

"ये," मी म्हटलं. "हंडा मात्र आणू नकोस."

तेव्हा ती हसली. मी हातोडी न् खुंटा उचलायला गेलो तर खांदा वर होईना. तिच्या नवऱ्यानं बोचकं काखेत मारलं आणि नावेपर्यंत माझ्याबरोबर आला. आमच्या काठाला उतरल्यावर आधी ऊस विकत घेतला.