साडूभाऊंची रंगपेटी

जगात निळा नावाचा रंगच नाही, असं छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस माझ्या माहितीत होता, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघावा हे माझं नशीब. "निळा म्हणजे काय? अस्मानी? मोरपंखी? मोरचुदी? बोला ना!" असं विचारून, मी उत्तर शोधेपर्यंत ते खोलीत दोन चकरा मारून यायचे. एका जागी बसणं त्यांना जमतच नसे. जेवतानाही एक पाय दाराकडे वळलेला. केंद्र सरकारच्या एका खात्यात नकाशे रंगवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये संसार झाला, आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी गाझियाबादच्या बाजूला फ्लॅट घेतला. तिथे तेव्हा इमारती आधी उगवत आणि रस्ते मागून येत. त्या फ्लॅटच्या भिंती त्यांनी एका वर्षात तीनदा रंगवून घेतल्या. रंगारी शेवटी कळवळून म्हणाला, "बाबूजी, ये तो वही है जो पहले था!" साडूभाऊंनी त्याला हाताला धरून खिडकीपाशी नेलं आणि बदामी व गव्हाळ यांतला फरक अर्धा तास समजावून सांगितला.

ताई, म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या बायकोची मोठी बहीण, सरोजिनी नगरच्या बाजारात स्वेटर घ्यायला निघाली की हेही सोबत. दुकानातले दहा-पंधरा स्वेटर एकेक करून बाहेर उन्हात नेऊन धरायचे. दुकानदार ओरडायचा, "अंकल, लेना है कि नहीं?" हे तितक्याच शांतपणे सांगायचे, "लेना नहीं है यार, देखना है." शेवटी ताईचा स्वेटर हेच निवडायचे. ताई मुकाट्याने पिशवी पुढे करायची.

त्यांची लेक कॉलेजात असताना घरी कॉम्प्युटर आला. तिने एका मासिकाबरोबर मिळालेल्या सीडीवरून फुकटचं ऑफिस सॉफ्टवेअर त्यात घातलं. जगभरच्या हौशी लोकांनी मिळून केलेलं, ज्याला वाटेल त्याने सुधारावं असं ते होतं. साडूभाऊंनी त्यातली रंगांची यादी उघडली आणि त्यांचा पारा चढला. निळा एक, निळा दोन, निळा तीन, असं थेट आठपर्यंत.

"हे रंग आहेत की कैदी? नंबर कसले देता?"

"पप्पा, आपण आपली यादी करून पाठवू शकतो," लेक म्हणाली. "आवडली तर पुढच्या व्हर्जनमध्ये टाकतात."

झालं! पुढचे सहा महिने त्या घराला स्वस्थता नव्हती. अबोली, मोतिया, आमसुली, डाळिंबी, गुलबक्षी, शेवाळी, कोनफळी अशी नावं भराभर आली, पण ती लावायची कशी? आधी अक्षरांप्रमाणे लावली, मग फिक्याकडून गडदाकडे, मग फुलं एकीकडे आणि भाज्या दुसरीकडे. रोज सकाळी आदल्या दिवसाची मांडणी मोडलेली. मला ऑफिसात फोन यायचा, "कोनफळी वांग्याच्या आधी की नंतर?" मी मीटिंगमध्ये असे. "नंतर," म्हणून सुटायला बघावं तर, "का?" एका रविवारी खरा किरमिजी बघायचा म्हणून मला बसने पानिपतला नेलं. तिथे कढईत लोकर बुडवणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराला त्यांनी प्रश्न विचारून विचारून बेजार केलं. तो म्हणाला, "साहब, जो निकल आए, वही रंग." साडूभाऊ परतीच्या प्रवासात, जागा रिकामी असून, दिल्लीपर्यंत उभेच होते.

अखेर यादी गेली. कुठल्याशा दूरदेशीच्या स्वयंसेवकाचं आभाराचं पत्र आलं आणि पुढच्या व्हर्जनमध्ये साडूभाऊंचे रंग खरोखरच आले. त्या दिवशी त्यांनी सगळ्या मजल्यावर पेढे वाटले.

मग स्कूटर दोनदा दुभाजकावर चढली, म्हणून लेकीने त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. मोतीबिंदू निघाला. डॉक्टर हिंदीत म्हणाले, "दोनों आँखों में मोतिया है." साडूभाऊंनी समोरची भिंत नीट न्याहाळली. "मोतिया नहीं, डॉक्टर साहब. ये बदामी है."

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. घरी आल्यावर ते आधी कॉम्प्युटरपाशी गेले, आणि ओरडले, "हे कुणी केलं?" त्यांचा मोतिया नीळ जास्त झालेल्या धोतरासारखा दिसत होता, जांभळा तर किंचाळत होता. खरं म्हणजे तो मोतिया मला पहिल्यापासून निळसर वाटे, पण रंगाच्या बाबतीत त्यांच्यापुढे तोंड कोण उघडणार! त्यांनी त्या स्वयंसेवकाला यादी मागे घ्या म्हणून कळवलं, नवी करून पाठवली. त्याचं उत्तर आलं: लोक जुनी वापरू लागले आहेत, तरी तुमच्या मते या दोन्हींतली खरी कोणती, तेवढं कळवा.

दुसऱ्या दिवशी साडूभाऊ दोन्ही याद्यांचे छापील कागद घेऊन ऑटोने माझ्या घरी हजर झाले. "तुम्हाला हा कसा दिसतो?" त्यांनी विचारलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझं उत्तर येईपर्यंत थांबले. मग शेजाऱ्यांना विचारलं, गेटवरच्या गार्डला विचारलं, भाजीवाल्याला विचारलं. शेवटी ताईला. तिने पदराला हात पुसून कागद घेतला.

"खरं सांगू? यातला एकही मला फारसा आवडत नाही. मला लाल आवडतो."

"कुठला लाल? डाळिंबी? शेंदरी?"

"साधा लाल हो."

साडूभाऊ तिलाच कॉम्प्युटरसमोर बसवून म्हणाले, "दाखव." तिने बोट ठेवलं. त्यांनी जुनी यादी तशीच राहू दिली, फक्त तिच्या शेवटी एक नाव वाढवलं: साधा लाल. त्या आठवड्यात ताई एकटीच सरोजिनी नगरला जाऊन आली.

साडूभाऊंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची यादी माझ्या कॉम्प्युटरवर आहे. पत्र लिहायचं निमित्त करून मी ती अधूनमधून उघडतो. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी मलाही मोतीबिंदू सांगितला आणि ऑपरेशनची तारीख दिली. मी ती दोनदा पुढे ढकलली. बायको चिडते, भित्रा म्हणते. तिला काय सांगू? हल्लीच कुठे साडूभाऊंचा मोतिया मला अगदी बरोबर दिसायला लागला आहे.