आमच्या पेपरच्या नावाखाली

नगरच्या ज्या जुन्या दैनिकात मी उपसंपादक आहे, त्याचा छापील अंक आता मोजकेच लोक घेतात. पण नावाला अजून वजन आहे. घरोघरचे दहावीचे निकाल आणि निधनाच्या बातम्या आमच्याकडेच छापून आल्या आहेत. मोबाईलवर जिल्ह्यातलं काहीही शोधा, आमची वेबसाइट वर येते. याचा वास पुण्याच्या एका जाहिरात कंपनीला लागला.

त्यांचं म्हणणं सोपं होतं. नव्या वेबसाइटवरचा मजकूर सर्चमध्ये कुठल्या कुठे खाली जातो, तोच जुन्या, भरवशाच्या वेबसाइटवर ठेवला की थेट पहिला येतो. थोडक्यात, वशिला. आपल्याकडे साधा दाखला काढायलाही ओळख लागते, त्यामुळे मालकांना हे समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी वेबसाइटचा आरोग्य विभागच कंपनीला भाड्याने देऊन टाकला. चांगलं मराठी लिहिणारं माणूस हवं होतं, ते काम माझ्याकडे आलं.

नाही म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही. लेख मधुमेहावरच्या एका चूर्णाचा होता. कंपनीने मुद्दे पाठवले, मी ते घरगुती भाषेत बसवले. ‘पंधरा दिवसांत इंजेक्शनला रामराम’ हा मथळा माझा. लेखाखाली एका डॉक्टरांचं नाव होतं, असा डॉक्टर कुठे अस्तित्वातच नव्हता. ही जाहिरात आहे असं कुठेही लिहिलं नव्हतं. आठवड्यात पान पहिल्या नंबरवर गेलं आणि ऑफिसात पेढे वाटले. मीही खाल्ला.

सोनईची मावशी म्हणजे आईच्या माघारी मला वाढवणारी बाई. कित्येक वर्षं ती इन्सुलिन घ्यायची, स्वतःच्या हाताने टोचून. दिवाळीनंतर मी तिच्याकडे फिरकले नव्हते. एके सकाळी मावसभावाचा फोन आला, तिच्या पायाची जखम चिघळलीय, नगरला आणतोय. चपलेचा पट्टा घासून झालेली एवढीशी जखम. साखर तपासल्यावर डॉक्टर त्याच्यावर खेकसले. इन्सुलिन बंद करून तिला दोन महिने झाले होते आणि घरात कुणालाच पत्ता नव्हता.

तिच्या पिशवीत चूर्णाचा डबा निघाला. मी तो लगेच ओळखला, त्याचा फोटो मीच पानावर लावला होता. मी डबा परत पिशवीच्या तळाशी सारला आणि खिडकी उघडायला गेले. मावसभावाने विचारलं, तुला बरं वाटत नाही का, तर मी उकाड्याचं कारण सांगितलं.

पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

मी मालकांकडे गेले आणि पान काढा म्हणाले. ते म्हणाले, करार झालाय, शिवाय लोकांनी डॉक्टरला विचारायला नको का? मला त्यांचा भयंकर संताप आला. पण पेढा खाल्ल्या दिवसापासून मीही स्वतःची हीच समजूत घालत होते. पान आजही पहिलंच येतं.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी मी मावशीला सांगून टाकलं, तो लेख माझा होता. तिला आधी कळेचना.

“खाली तर डाक्टरचं नाव हुतं,” ती म्हणाली.

“खोटं होतं ते.”



“मोबाईलला इचारलं, तर पयलं तुमच्या पेपरचं नाव आलं. दुसरं काय म्या बघितलंच न्हाई. म्हनलं, आपली पोरगी हाय तिथं, ती खोटं छापू देनार न्हाई.”

ती चिडली नाही, रडलीही नाही. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. तेवढ्यात नर्सने दुपारच्या गोळ्या आणून दिल्या. मी पाणी ओतलं आणि गोळ्या तिच्यापुढे धरल्या. तिने हात पुढे केला नाही. दाराशी उभ्या असलेल्या मावसभावाला तिने जवळ बोलावलं आणि माझ्या हातातल्या गोळ्यांची नावं डॉक्टरांच्या कागदाशी ताडून बघायला सांगितली.