पिल्लांच्या पाठीइतक्या उंचीवर

दादा गेला त्याच्या चौथ्या दिवशी सकाळी पिल्लांची गाडी दारात उभी राहिली. कोंबडीची पाचशे पिल्लं, एका दिवसाची. मागणी दादानेच नोंदवली होती आणि अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू कुणाच्या दुखवट्यासाठी थांबत नाही. पिल्लं पुरवणाऱ्यांचा डॉक्टर खोकी उतरवता उतरवता म्हणाला, "सांगायला वाईट वाटतं, पण पहिल्या आठवड्यात पन्नासच्या वर मेली तर पुढची खेप दुसरीकडे जाईल." दादाची कोंबड्यांची शेड बंद पडली तर वहिनीच्या हाताला काहीच काम उरणार नव्हतं.

वहिनी स्वयंपाकघरात बसून होती. रडत नव्हती, बोलत नव्हती. चहा दिला की प्यायची, नाही दिला तर मागायची नाही. पिल्लं आली म्हटल्यावर "बरं" म्हणाली.

मग मीच बाह्या सरसावल्या. मी कचेरीतला कारकून, जन्म कागदी घोडे नाचवण्यात गेला. पण सुट्टीला आलो की दादाचं काम बघत असे, त्यामुळे त्यात काय एवढं, असं वाटलं. पत्र्याचं गोल कुंपण, आत भुसा, मधोमध दोरीने टांगलेल्या पत्र्याच्या छत्रीखाली चार बल्ब. पंच्याण्णव अंश फॅरनहाइट ऊब हवी, एवढं पाठ होतं. माझे गुडघे दुखतात, म्हणून थर्मामीटर छत्रीच्या दोरीला माझ्या डोळ्यांसमोर टांगला. वाकायला नको. दर तासाला वाचून वहीत लिहायचो: पंच्याण्णव. दप्तर एकदम चोख.

पहिल्या दिवशी नऊ मेली, दुसऱ्या दिवशी एकवीस. बादलीत भरून मागे नेऊन पुरली. काहीतरी वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. दादाच्या वेळीही मी सही कुठे करायची, एवढंच विचारत फिरलो होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी वहिनी शेडच्या दारात येऊन उभी राहिली. मी बोलावलं नव्हतं.

"कधीपासून ओरडतायत?"

"कालपासून. भूक असेल. ऊब बरोबर आहे, हे बघा ना, पंच्याण्णव."

तिने थर्मामीटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "भाऊजी, पिल्लं तुमच्याएवढी उंच आहेत का?"

एरवी हे बोलून ती हसली असती. तिने थर्मामीटर दोरीवरून सोडवला, कुंपणात उतरली आणि गुडघ्यांवर बसून तो पिल्लांच्या पाठीइतक्या उंचीवर धरला. पारा उतरत उतरत ब्याऐंशीवर आला. बल्बखाली पिल्लांचा ढीग झाला होता आणि खालची वरच्यांच्या भाराने गुदमरत होती. तिने एक उचललं, त्याचे पाय स्वतःच्या गालाला लावले. "गार," एवढंच म्हणाली.

छत्री हातभर खाली घेतली. दाराच्या फटीतून जमिनीलगत वारा येत होता, तिथे पोतं लावलं. मग मलूल पिल्लं एकेक करून उचलली आणि प्रत्येकाची चोच कोमट पाण्यात बुडवली. घाई नाही, चिडणं नाही. मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. संध्याकाळपर्यंत ढीग मोडला, पिल्लं कुंपणभर पांगली आणि कलकलाट उतरला. आता तरी ती रडेल, असं मला वाटलं. ती हात धुऊन आत गेली.

सातव्या दिवशी डॉक्टर आला. मेलेली एकूण चव्वेचाळीस. पुढची खेप इथेच, असं सांगून गेला. वहिनी पाण्याची भांडी घासत होती.

"वाचवलीत तुम्ही," मी म्हणालो.

"ती ओरडत होती, भाऊजी. म्हणून कळलं." ती घासतच राहिली. "तुमचे दादा जायच्या आधी दोन दिवस छातीवर हात ठेवून गप्प बसत होते. विचारलं तर म्हणाले, काही नाही, पित्त आहे. मी पित्ताची गोळी दिली आणि शेड धुवायला निघून आले."