सिद्धम्माची महानंदा

दुष्काळाच्या वर्षी सिद्धम्माची महानंदा गेली. लग्नाच्या वयाची पोर. तिनं स्वतःच जीव दिला, म्हणून आमच्या गल्लीनं तोंडाला कुलूप लावलं. लातूर नुकतंच जिल्हा झालेलं, नवी कचेरी, नवे साहेब. बोलायला विषय पुष्कळ होते. सिद्धम्मा डाळमिलमध्ये डाळ निवडायला जायची. तिथंही तिच्यापुढं पोरीचं नाव कुणी काढीना. तिला तर एकच हवं होतं. कुणीतरी महानंदेसाठी रडावं.

पुढल्या वर्षी कचेरीतले कारकून किशनराव यांनी टीव्ही आणला. त्यांची बायको गुणाबाई मोठ्या मनाची. टँकरच्या रांगेत हंडे लावून बायका तिच्याकडं मालिका बघायला जमायच्या. सिद्धम्मा दाराशी बसायची.

मालिकेतली सून वेडी होऊ लागली. वेडी म्हणजे काय, तर केस मोकळे सोडायचे, आरशावर तांब्या फेकायचा आणि उगाच खदाखदा हसायचं. मला तर त्या लिहिणाऱ्याचा कान पिळावासा वाटे. मनाचं दुखणं त्याला जत्रेतल्या सोंगाएवढंच ठाऊक! शेवटी सुनेनं जीव दिला, तेव्हा छळणारी सासूसुद्धा तिच्या फोटोपुढं हात जोडून उभी राहिली. खोलीतल्या सगळ्या बायका ढसाढसा रडल्या.

"सुटली बाई," चतुराबाई म्हणाली. "आता कळली समद्यांना तिची किंमत."

आमच्याकडं मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारणी भाकरी-पिठलं नेतात, त्याला कडू घास म्हणतात. दुसऱ्या दिवशी बायकांनी गुणाबाईकडं खरोखरच कडू घास आणला. टीव्ही तिच्या घरात, म्हणजे मयतही तिच्याच घरचं! निम्मी थट्टा होती, निम्मं खरं होतं. गुणाबाईही डोळे पुसत हसली.

सिद्धम्मा दारातून उठून आत आली.

"माझ्या घरी कुणी आणला न्हाई," ती म्हणाली.

गुणाबाईनं भाकरीचं ताट खाली ठेवलं.

"माझ्या पोरीनं केस सोडले न्हाईत की काही फोडलं न्हाई. वेणी घालून रोज पाणी भरत होती. जेवण तेवढं तुटलं होतं. झोप लागत न्हाई म्हणायची. मी म्हणलं, उन्हाळा हाय." तिनं टीव्हीकडं हात केला. "हिच्यावानी वागली असती, तर मी तिला दवाखान्यात नेलं नसतं व्हय? अन् सुटली म्हणू नगा. माझ्या पोरीला लई जगायचं होतं."

चतुराबाईची मान वर होईना. गुणाबाईनं भाकरी मोडली, पिठल्याला लावली आणि घास सिद्धम्माच्या तोंडाशी नेला. सिद्धम्मानं ओठ मिटून घेतले.

"आधी नाव घ्या तिचं."

"महानंदा," गुणाबाई म्हणाली, आणि तिलाच हुंदका फुटला.

सिद्धम्मानं घास तोंडात घेतला. कितीतरी वेळ तिला तो गिळता आला नाही.