ठकीचा खुराक

पेंडीच्या दुकानात किस्से आपोआप साठतात. गिऱ्हाईक पोतं उचलतं आणि जाता जाता एखादा किस्सा ठेवून जातं. लोहाऱ्यात बावीस वर्षं मी लोकांना म्हशीनं काय खावं ते सांगतोय, त्यामुळं बहुतेक किस्से गिऱ्हाइकांचे. ठकीचे मात्र सगळे माझ्यावरच उलटलेले. बायकोनं सांगायच्या आधी मीच सांगतो, तेवढीच इज्जत वाचेल.

*

ठकी म्हणजे दुकानातली मांजर. उंदीर पोती कुरतडायला लागले म्हणून आणली. रोज दूध-भाकरी घालायचो. वर्षभरात ठकी वाळली, केस गळायला लागले. उंदीर मात्र गुबगुबीत!

अण्णा आमचं जुनं गिऱ्हाईक. एकदा ठकीकडं बघून पोतं न उचलताच उभे राहिले. म्हणाले, "शेठ, दारातल्या मांजराची ही गत, मग आमच्या म्हशीचं कसं व्हायचं?"

प्रश्न आता दुकानाच्या नावाचा होता.

*

म्हशीचा खुराक वजनावर ठरतो. म्हणून ठकीला काट्यावर बसवलं. अडीच किलो. त्या मानानं सरकी पेंड, गव्हाचा भुसा, चिमूटभर मिनरल मिक्श्चर आणि वरून गुळाचं पाणी.

ठकीनं वास घेतला आणि पुढच्या पायानं बशीवर माती ओढायला लागली. मांजर माती कशावर ओढतं, ते बायकोनं मला दोन दिवस सांगितलं.

*

शेवटी गुरांच्या डॉक्टरांना विचारलं. खुराक ऐकून त्यांनी ठकीचं तोंड उघडून दात बघितले. मग म्हणाले, "शेठ, ही रवंथ करत नाही."

मांजराला मांसच लागतं, दूध बंद करा, चिकन उकडून द्या, त्यात मीठ, कांदा, लसूण काही नको, असं त्यांनी सांगितलं. मी गळ्यातली तुळशीची माळ दाखवली. आमच्या घरात तीन पिढ्यांत अंडं आलेलं नाही.

"माळ तुम्ही घातलीय," डॉक्टर म्हणाले, "तिनं कुठं घातलीय?"

*

चिकनच्या दुकानात आयुष्यात पहिल्यांदा गेलो, तेही तोंडाला उपरणं गुंडाळून. दुकानदारानं लांबूनच हाक मारली, "या शेठ, बसा!" त्याच्या दोन शेळ्यांचा खुराक माझ्याकडूनच जातो.

बायकोनं चिकन स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. मग दुकानातल्या स्टोव्हवर, चहाच्या पातेल्यात उकडलं. वास पार एसटी स्टँडपर्यंत गेला असावा. ठकी चार दिवसांत टवटवीत झाली. आणि शेठनं माळ घालून कोंबडी सुरू केली, ही बातमी पाचव्या दिवशी भजनी मंडळात पोचली.

*

मंडळात पखवाज मी वाजवतो. तो हातातून जाणार या विचारानं मला जेवण जाईना. मंडळाचे प्रमुख आमचे अण्णाच. त्यांच्या घरी जाऊन हात जोडले. म्हणालो, चौघांना घेऊन दुकानात या, कोण खातंय ते डोळ्यांनी बघा.

आले. गादीवर ओळीनं बसले. मी चिकन उकडलं, निवू दिलं, बारीक तुकडे केले आणि बशी ठकीपुढं ठेवली.

ठकीनं वास घेतला. पाचही जणांकडं एकेकदा बघितलं. मग शेपटी वर करून सावकाश पोत्यांच्या मागं निघून गेली.

 अण्णांनी बशी बघितली, माझी माळ बघितली, आणि उठून चपला घातल्या.

"जेवा तुमी निवांत," ते म्हणाले, "आमी भायेर थांबतो."