रेश्माच्या पिकअपची चाकं

सैन्यातून निवृत्त झालेल्या माणसाची पुन्हा पोस्टिंग निघत नाही, असं आपलं मी समजत होतो. मागच्या महिन्यात निघाली. ठिकाण, मालाड पश्चिमेचं एक टायरचं दुकान. वेळ, सकाळी दहा. ऑर्डर देणाऱ्या चंद्रा वहिनी, राहणार मढ कोळीवाडा. "भावोजी, तुमी येऊन चाकं बगा. तुमी हो बोललात तरच मी चावी देनार," एवढं सांगून वहिनींनी फोन ठेवला. मी काय म्हणतो हे ऐकायची त्यांना गरज वाटली नाही. मी हवालदार सावंत, सैन्याच्या ट्रान्सपोर्ट कंपनीचा ड्रायव्हर, आता मुक्काम बोरिवली. उभी नोकरी गाड्या चालवण्यात गेली. पण वहिनींसमोर माझी रँक शिपायाचीच.

गाडी त्यांच्या मुलीची, रेश्माची. पोरगी कामाला वाघ आणि तोंडाला तिखट. मढच्या बंदरावरून ताजी मासळी उचलते आणि अंधेरी, पार्ल्याच्या सोसायट्यांमध्ये पोचवते. इतकी वर्षं ड्रायव्हरसकट भाड्याचा टेम्पो होता. आता तिने स्वतःची सेकंडहँड पिकअप घेतली. इंजिन चांगलं, टायर पार टकले. नवे घातल्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही, हे तिलाही कबूल होतं. कुठले घालायचे यावरून घरात रोज वाजत होतं. आणि चावी वहिनींच्या कमरेच्या बटव्यात.

खरं म्हणजे वहिनींना गाडीच नको होती. रेश्माचा बाप, नाईक मोरेश्वर, माझ्याच कंपनीत ड्रायव्हर होता. माझा दोस्त. तो ड्युटीवर गाडी घेऊन गेला आणि परत आला नाही. रेश्मा तेव्हा बालवाडीत होती. त्यामुळे मुलीच्या हातात स्टिअरिंग बघायची वहिनींची तयारी नव्हती, आणि दुसऱ्याच्या टेम्पोवर जन्म काढायची रेश्माची तयारी नव्हती.

मी दहाला पाच कमी असताना पोचलो. दोघी आधीच हजर, गाडी टो करून दारात लावलेली. रेश्माने मला हात धरून भिंतीकडे नेलं. तिथे काळ्या रंगाचा चकचकीत अलॉय रिम टांगला होता.

"काका, हा बघा. सतरा इंच. याच्यावर दोनशे पासष्टचा टायर. झकास ना?"

"गाडी लग्नात नाचवायचीय काय?"

"नाचवायची नाही, उचलायचीय. जेट्टीच्या उतारावर भरलेली गाडी खाली घासणार. सायलेन्सर गेला तर माझी वाट लागेल."

मुद्दा बरोबर होता. मी उगाच खेकसलो होतो. दुकानाचे मालक जिग्नेशभाई शांतपणे ऐकत होते. मी रेश्माला जुन्या टायरपाशी वाकायला लावलं. त्यावर २१५/७५ आर १५ असं छापलेलं होतं. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या किती टक्के ती. शेवटचा रिमचा व्यास, इंचात. तिला हवा असलेला टायर लावला की गाडी जेमतेम दीड इंच उचलली जाणार. त्या बदल्यात पूर्ण स्टिअरिंग कापलं की टायर मडगार्डला घासणार. इंजिनावर लोड येणार. बर्फाच्या पेट्या लादून चढ चढताना दुसऱ्या गिअरमध्ये रडायची वेळ येणार.

"आणि गाडी घासणार कशाने, ते मी सांगू?" जिग्नेशभाई म्हणाले. "मागचे स्प्रिंगचे पाटे बसलेत. एका बाजूला झुकलीय बघा. टायर कितीही मोठा टाका, पाटे बसलेले असले तर घासणारच."

मी मागे जाऊन बघितलं. पाटे खरंच बसले होते. मी येऊन गाडीभोवती दोन चकरा मारल्या होत्या आणि ते माझ्या नजरेतून सुटलं होतं. मोरेश्वर असता तर त्याने मला तिथेच झापलं असतं.

"ठीक आहे, पाटे नवे टाकू," रेश्मा म्हणाली. "पण चार अलॉय तरी घेऊ ना, काका. दिसायला तरी."

"चार घेशील. स्टेपनीचं काय?"

"स्टेपनी जुनीच राहू दे. ती कोण बघतंय?"

आता मी आवाज चढवला. मागच्या दोन चाकांपैकी एक मोठं आणि एक लहान लागलं की लोड घेतलेली गाडी पावसात कुठे जाईल याचा नेम नाही. स्टेपनीसुद्धा त्याच मापाची हवी. आणि मी तिला दुसरी गोष्ट विचारली. मढमध्ये मासळीच्या इतर पिकअप आहेत, त्यांना कुठलं माप आहे?

"सगळ्यांना हेच. पंधरा इंची."

"मग तुलाही हेच. वाटेत अडलीस तर कोणाचंही चाक तुला बसलं पाहिजे. कोणी अडला तर तुझं त्याला बसलं पाहिजे."

बोलून गेलो आणि जीभ चावली. वहिनी स्टुलावर बसल्या होत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"तेच तर," त्या म्हणाल्या. "तेच्यानेच गेला ना तो."

रेश्माने आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला एवढंच माहीत होतं की बाप दरड कोसळून गेला. वहिनींनी मला खुणेने सांगितलं, बोला. मी जिग्नेशभाईंच्या दुकानात, टायरच्या थप्पीवर बसून सांगितलं ते असं.

उत्तर सिक्कीममध्ये होतो. रोज सकाळी फर्स्ट परेड. ही माणसांची नाही, गाडीची परेड. तेल, पाणी, हवा, नट. मोरेश्वर प्रत्येक टायरवर हाताचा पंजा फिरवायचा, आतल्या बाजूनेसुद्धा. आम्ही त्याला चिडवायचो, अरे म्हैस विकत घेतोयस की काय. तो हसायचा आणि पुढच्या चाकाकडे जायचा. स्टेपनीसुद्धा सोडायचा नाही.

त्या दिवशी पाच गाड्यांचा कॉन्व्हॉय वरच्या पोस्टवरून खाली निघाला. मी ॲम्ब्युलन्स चालवत होतो. आत एक जवान, फुप्फुसात पाणी झालेलं. तो लवकरात लवकर खाली पोचला तरच वाचणार होता. मोरेश्वर वन टन, म्हणजे सामानाचा छोटा ट्रक घेऊन माझ्या मागे, सगळ्यात शेवटी. रात्रभर पाऊस झालेला. रस्त्यावर धारदार दगड पडले होते. ॲम्ब्युलन्सचा एक टायर फाटला. स्टेपनी लावली. चार वळणं गेलो नाही तर दुसरा फाटला.

सुभेदार साहेब पुढून चालत आले. पेशंटला बघितलं. कोणी सांगायची वाट न बघता मोरेश्वरने स्वतःची स्टेपनी उतरवायला घेतली होती. ॲम्ब्युलन्स आणि वन टन एकाच चासीवरच्या. चाकाचं माप एकच.

साहेब म्हणाले, "नाईक, बिना स्टेपनी गाडी नहीं चलेगी. ऑर्डर है."

"साहब, पेशंट भी नहीं चलेगा."

साहेबांनी पुन्हा पेशंटकडे बघितलं. "लगाओ. जल्दी."

आम्ही दोघांनी मिळून चाक बसवलं. नट आवळताना मी विचारलं, "तुझं काय रे?"

"मी येतो ना मागून. तू पेशंट बघ. आणि माझ्या चाकाला खड्ड्यात घालू नको, परत पायजे मला."

त्याचा को-ड्रायव्हर ऑक्सिजनचा सिलिंडर धरायला माझ्या गाडीत आला. मला सगळ्यात पुढे काढलं. पुढच्या हॉल्टला गाड्या मोजल्या, एक कमी. सुभेदार साहेब त्याला बघायला उलटे फिरले. मी खाली हॉस्पिटलला पोचलो तेव्हा वायरलेस सेटवर त्यांचा आवाज आला.

"स्लाइड आया है. रास्ता बंद. एक गाडी मिसिंग. ओव्हर."

"ड्रायव्हर कौन? ओव्हर," खालच्या कंट्रोलने विचारलं.

"नाईक मोरेश्वर. ओव्हर."

दोन दिवसांनी गाडी सापडली. मागचा टायर दगडाने उभा चिरला होता. बदलायला चाक नव्हतं म्हणून तो एका वळणावर उभा होता, आणि दरड तिथेच आली. आजारी जवान बरा झाला. आपल्या युनिटला परत गेला. मला त्याचा आनंद आहे, आणि त्याचं चाक मी घेतलं याचा सल आजही आहे. दोन्ही खरं आहे.

दुकानात कॉम्प्रेसर चालू होता. जिग्नेशभाईंनी तो बंद करायला लावला.

रेश्माने डोळे पुसले. "आई, तू मला हे का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? तू आदीच तेच्यासारकी हायस. अजून काय शिकवू तुला?" वहिनींचा आवाज चढला. "मना पानी, दगड, कशाचं भ्या नाय. मना तुजंच भ्या वाटतं. कोनी हात केला का थांबशील."

मग मुद्द्याचं बोलणं झालं. पंधरा इंची रिम, स्टीलचेच. टायर २१५, लोडचे, जास्त थरांचे. नवे पाटे. रेश्माने अलॉयकडे एकदा बघितलं आणि मान वळवली. जिग्नेशभाई पाच टायरचं बिल लिहायला बसले.

वहिनी उठल्या. बटव्यातून चावी काढली. पण मूठ उघडली नाही.

"मना खरं सांग. कोनाची गाडी बंद पडली तर थांबशील?"

"थांबेन."

"चाक मागितलं तर देशील?"

रेश्माने माझ्याकडे बघितलं. ते उत्तर माझं नव्हतं.

"देईन, आई. तुझ्याशी खोटं कशाला बोलू?"

वहिनींनी मूठ उघडली. मग त्यांनी चावी तिच्या हातात ठेवली आणि जिग्नेशभाईंकडे वळल्या.

"सा चाकं द्या."

"काकी, चार आणि एक स्टेपनी. पाच होतात."

"मना मोजता येतं. दोन स्टेपन्या पायजेत. एक द्यायला. एक घरी यायला."

जिग्नेशभाईंनी पाचाचा आकडा खोडला आणि सहा लिहिला. नाईक मोरेश्वरकडे त्या दिवशी एकच स्टेपनी होती.