हिरव्या क्रूसाखाली

एका निरपराध शिक्षकाला मी तीन दिवस पोलीस ठाण्याच्या बाहेरच्या बाकावर बसवून ठेवले. चूक माझी होती. हे कबूल करायला मला दहा-बारा वर्षे लागली. ज्या गुन्ह्यांबद्दल शाबासकी मिळाली त्यांचे तपशील आता पुसट झाले आहेत. तो बाक मात्र डोळ्यांसमोरून हलत नाही.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. मी घाटावरचा, वसईला नुकताच बदलून आलेला फौजदार. राजोडीच्या बाजूच्या एका गावातल्या तरुणाने अर्ज दिला. त्याची आई चर्चच्या बारा जणांच्या गटातून युरोपात तीर्थयात्रेला गेली होती. परतीच्या वाटेवर पॅरिसला दोन दिवस मुक्काम होता. तिथे जमिनीखालून धावणाऱ्या मेट्रोत तिची बाकीच्यांशी चुकामूक झाली. संध्याकाळी ती एका औषधाच्या दुकानाबाहेर थंडीने काकडलेली सापडली आणि पाच दिवसांनी न्युमोनियाने तिथल्याच रुग्णालयात वारली. गटाचे प्रमुख होते गावातलेच इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. "सरांनी माझ्या आईला मुद्दाम मागं सोडलं," असे मुलाचे म्हणणे होते.

घटना परदेशातली, त्यामुळे गुन्हा दाखल न करता आधी अर्जाची चौकशी करायची होती. ती माझ्याकडे आली. दुसऱ्याच दिवशी निनावी फोन आला. "म्हातारी सकाळपासून आजारी होती. सरांनी तिला औषधाच्या दुकानाशी बसवलं आणि बाकीच्यांना घेऊन फिरायला गेले." रुग्णालयाच्या कागदातही औषधाचे दुकान होतेच. मला वाटले, धागा सापडला. तो कागद आधीच गावभर फिरला होता आणि फोन करणाऱ्याने बहुधा त्यावरूनच गोष्ट रचली होती, हे माझ्या डोक्यात आले नाही. माणसाला एकदा संशय आवडला की तो त्याला पुरावे जेवू घालत राहतो.

सरांना बोलावले. साठीचे, इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन.

"कुठल्या स्टेशनवर उतरलात?"

"नाव नीट सांगता येत नाही, साहेब. सहावं स्टेशन. मी मोजत होतो."

"तीस वर्षं इंग्रजी शिकवलंत आणि स्टेशनचं नाव वाचता येत नाही?"

"नावं फ्रेंच होती. लिहिलेलं एक, बोलतात भलतंच. म्हणून नकाशावर रंग बघायचा आणि बोटांवर स्टेशनं मोजायची. सगळ्यांना तसंच शिकवलं होतं."

"मग ही बाई कशी राहिली?"

सरांनी हाताने दाखवले. त्या गाडीचे दार आपोआप उघडत नसे. आतून कडी उचलावी लागे. त्यांनी एका दाराची कडी उचलली, दहा जण त्यांच्यामागून उतरले. बाय, म्हातारीला गावात सगळे याच नावाने हाक मारत, गर्दीत शेजारच्या दाराशी सरकली होती. दार उघडेल म्हणून ती उभीच राहिली. गाडी सुटली. काचेतून तिने हात वर केला.

"कडीचं मी सांगायला हवं होतं," सर म्हणाले. "एवढंच राहिलं."

चुकामूक झाली तर पुढच्या स्टेशनवर उतरून तिथेच थांबायचे, असे त्यांनी बजावले होते. पुढच्या गाडीने ते तिथे पोहोचले, तर बाय नव्हती. त्याच्या पुढची तीन स्टेशने पालथी घातली. तिकिटाच्या खिडकीतल्या माणसाला इंग्रजीत सांगितले, वहीत लिहून दाखवले. तो खांदे उडवत राहिला. "मुलांना सांगायचो, इंग्रजी आलं की जगात कुठं अडत नाही," सर म्हणाले.

मी टेबलावर हात आपटला. "मग औषधाचं दुकान कुठून आलं? ते तर वर, रस्त्यावर!"

"मला खरंच माहीत नाही, साहेब."

तेवढ्यावर मी त्यांना खोटे ठरवले. सकाळी दहाला बोलवायचे, संध्याकाळी सोडायचे. बाक रस्त्याला लागून होता. वाडीतल्या भाजी-फुलेवाल्या बाया तिथूनच बाजारात जात. एकदा त्यांच्यादेखत मी ओरडलो, "म्हातारीला टाकून मजा मारणारा मास्तर!" तिसऱ्या दिवशी आमचे हवालदार, खाडीकाठच्या शेतकरी घरातले, हळूच म्हणाले, "साहेब, सरांकडं शिकवणीला जानारी पोरं बंद झाली. जरा आत तरी बसवा."

त्याच दुपारी मी बायच्या जावेचा जबाब घ्यायला निघालो. फोनवर ती म्हणाली होती, "घर सापडायचं नाय तुमाला. वाडीत शिरलात की क्रूसाजवल उबे रावा, मी येते."

केळीच्या वाडीत सगळ्या वाटा सारख्याच. मी चुकलो, फिरलो, शेवटी तिठ्यावरच्या क्रूसाखाली जाऊन उभा राहिलो. थोड्याच वेळात बायची जाऊ आली आणि हसली.

"हरवला होता ना? आमच्यात पोर हरवला की क्रूसाखालीच जाते. लहानपनी आयशीनं तेच शिकवलेलं. हलायचं नाय, कोनतरी न्यायला येतेच."

मला ते औषधाचे दुकान आठवले आणि मी जबाब न घेताच परतलो. सर बाकावरच होते. उभ्यानेच विचारले, "त्या औषधाच्या दुकानाची पाटी कशी होती?"

"ते दुकान मी पाहिलं नाही. पण तिथं सगळ्याच औषधाच्या दुकानांवर दिव्यांचा हिरवा..."

त्यांचा हात तोंडावर गेला. मग म्हणाले, "क्रूस असतो, साहेब. मी खाली शोधत होतो. ती वर जाऊन उभी राहिली. कोणीतरी न्यायला येईल म्हणून."

बाय सरांच्या सांगण्याप्रमाणे पुढच्या स्टेशनवर उतरली होती. पण थांबायचे कुठे, हे तिला आईने शिकवले होते. सुती लुगडे, वर एक स्वेटर. ती दुपारपासून अंधार पडेपर्यंत तिथून हलली नाही.

मी अर्जावर 'तथ्य आढळून आले नाही' असा शेरा मारून तो निकाली काढला. मुलाला एका ओळीचे पत्र गेले. हवालदार म्हणाले, "साहेब, गावात जाऊन दोन शब्द बोला." मी म्हणालो, "पोलीस काय माफी मागत फिरणार?" गावात शेरा कोणी वाचला नाही, बाक सगळ्यांनी पाहिला होता. सरांची शिकवणी पुन्हा सुरू झाली नाही. चर्चमधले बायबलवाचनही त्यांनी सोडले, असे पुढे कळले.

या प्रकरणाने मला एक शिकवले. माणूस खोटे बोलतो की नाही हे ओळखण्याआधी, तो कुठल्या मातीत वाढला ते तपासी अंमलदाराला ठाऊक हवे. मला ते ठाऊक नव्हते, आणि विचारण्याची गरजही वाटली नाही.

स्वेच्छानिवृत्ती घेतली त्या मे महिन्यात मी त्या गावी गेलो. मे महिन्यात संध्याकाळी सगळी वाडी क्रूसापाशी जमून रोजरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणते. सर मागे, खुर्चीत बसले होते. बायचा मुलगाही होता. प्रार्थना संपल्यावर मी पुढे झालो. चारचौघांत केलेला अपमान घरात बसून पुसता येत नाही.

"मी तो फौजदार," मी म्हणालो. "सरांनी बायला सोडलं नव्हतं. ते तिला खाली शोधत होते, आणि ती वर दुकानाच्या क्रूसाखाली, कोणी न्यायला येईल म्हणून उभी होती. हे मला तिसऱ्या दिवशीच कळलं होतं. कळूनही मी तुम्हाला सांगितलं नाही. सर, तुम्हाला बाकावर बसवलं ते मी. ओरडलो तो मी. तुमच्या गावासमोर तुमची माफी मागतो."